अंतराचा अंदाज

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला की सगळंच स्पष्ट दिसतं. टेबलावरचं पुस्तक, त्यामागची खुर्ची, खुर्चीमागचं दार, दारापलीकडचं झाड, सगळं सारखंच स्वच्छ. फोकस कुठे आहे, हे त्या दृश्यावरून कळत नाही. ते कळतं मधोमध दिसणाऱ्या एका फिकट पिवळसर ठिपक्यात. त्या ठिपक्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा असतात. एक पक्की, दुसरी विरळ आणि थोडी बाजूला सरकलेली. लेन्सवरची कडी फिरवली की विरळ प्रतिमा आडवी सरकत पक्कीच्या जवळ येते आणि एका जागी दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसतात. तिथे थांबायचं. केसभर जास्त फिरवलं, तर ती पलीकडच्या बाजूने बाहेर डोकावते.

या कॅमेऱ्यांवर माझा फार जीव आहे, आणि त्यातही स्वस्तातल्यांवर. लायका हा महागडा जर्मन रेंजफाइंडर घेणाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही. तो कॅमेरा उत्तमच आहे, हातात घेतल्यावर त्याचा कस लगेच कळतो. पण रेंजफाइंडर जे शिकवतो, ते शिकवायला त्याचा साधासुधा भाऊबंदही पुरेसा आहे, हे मी पुष्कळ रोल संपवल्यावर ठामपणे म्हणू शकते.

आतली युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण सरळ बघतो. दुसरीतून आलेला प्रकाश एका आरशावरून वळून मधल्या अर्धपारदर्शक काचेवर येतो आणि पहिल्या दृश्यात मिसळतो. वस्तू जितकी जवळ, तितका दोन खिडक्यांच्या नजरांमधला कोन मोठा. दोन खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे त्रिकोणाचा पाया, ठाऊक आहे, कोन कळला, की त्रिकोणाची उंची निघते आणि ती उंची म्हणजेच आपल्यापासून वस्तूपर्यंतचं अंतर. युद्धनौकांवरच्या तोफांसाठी हीच पद्धत वापरत, तिथे दोन खिडक्यांमधला पाया कित्येक मीटरांचा असे. कॅमेऱ्यात तो काही सेंटिमीटरांवर येतो. १९३२ साली लायका २ आणि कॉन्टॅक्स या दोन जर्मन कॅमेऱ्यांनी अंतर मोजणं आणि लेन्स पुढेमागे होणं एकमेकांना जोडून टाकलं. त्याआधी बहुतेक कॅमेऱ्यांत अंतर वेगळं मोजायचं, आकडा वाचायचा आणि तो लेन्सवर हाताने लावायचा, असा खटाटोप होता.

म्हणजे ही युक्ती फोटो काढणाऱ्यासाठी नेमकी एकच गोष्ट मोजते. मी आणि ते, यांच्यामध्ये किती अंतर आहे. बाकी सगळं ती माझ्यावर सोडते.

ही सोय श्रीमंतांपुरती राहिली नाही, याचं श्रेय बऱ्याच जणांना जातं. त्यातली एक कहाणी खारकीव्हची आहे. १९२७ साली तिथे बेघर, अनाथ मुलांसाठी एक श्रम-वसाहत उभी राहिली आणि अंतोन माकारेंको या शिक्षकाने ती चालवली. वसाहतीला नाव दिलं होतं फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्कीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं. त्या नावाची आद्याक्षरं घेऊन १९३४ पासून त्या मुलांच्या हातून लायकाची नक्कल बाहेर पडू लागली, ‘फेद’. गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचं नाव आणि रस्त्यावरून आलेल्या पोरांची कारागिरी एकाच वस्तूवर कोरलेली. जुना फेद हातात आला की मला हे दोन्ही एकदम आठवतं आणि कॅमेरा थोडा जड वाटायला लागतो. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला झोर्की निघाला. कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री जर्मनीतून आणून ‘किएव्ह’ तयार झाला.

अमेरिकेत १९३९ साली आर्गस सी ३ आला. बेकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकचा चौकोनी ठोकळा, पुढे उघडी दातेरी चाकं, आणि लोकांनी प्रेमाने दिलेलं नाव ‘वीट’. त्यात फ्रेम बघायची खिडकी वेगळी आणि अंतर मोजायची वेगळी. आधी एकीत डोळा, मग दुसरीत. तरीही तो १९६६ पर्यंत बनत राहिला आणि त्याच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. दुसऱ्या महायुद्धात टोनी व्हकारो नावाचा तरुण सैनिक हाच कॅमेरा घेऊन युरोपात लढत होता. तो रात्रीच्या अंधारात सैनिकांच्या लोखंडी टोप्यांमध्ये रसायनं ओतून रोल धूत असे. अशा परिस्थितीत काढलेले ते फोटो पाहिले की यंत्राच्या किमतीची चर्चा मला फार वेळ करवत नाही.

आणि १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला, तेव्हा त्याच्याजवळ औषधांच्या दुकानातून घेतलेला एक ॲन्स्को ऑटोसेट होता. हा जपानच्या मिनोल्टानेच बनवलेला, त्यांच्या हाय-मॅटिक कॅमेऱ्याचा जुळा भाऊ. जाड हातमोज्यांतून बटण दाबता यावं म्हणून त्याला एक मूठ बसवून घेतली होती.

पण ज्यांना आज ‘स्वस्त रेंजफाइंडर’ म्हणतात, ते बहुतेक साठ आणि सत्तरच्या दशकांतले जपानी कॅमेरे. लेन्स कायमची बसवलेली, बदलता न येणारी. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपासची, पुष्कळदा एफ १.७ किंवा १.८ इतकी उजेडाची (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). शटर लेन्सच्या आतच, पाकळ्यांचं. कॅनोनेट, याशिका इलेक्ट्रो, ऑलिंपस ३५, मिनोल्टा हाय-मॅटिक, कोनिका ऑटो एस. त्या काळी घरोघरच्या वाढदिवसांसाठी आणि सहलींसाठी बनवलेली ही यंत्रं. लेन्स बदलता येत नाही म्हणून त्यांना कमी लेखलं गेलं, आणि त्यामुळेच ती आजही त्यामानाने आवाक्यात राहिली आहेत. मला मात्र ती न बदलणारी लेन्स हा मोठा आधार वाटतो. एकाच लेन्समधून वर्षानुवर्षं बघितलं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेम कुठून कुठपर्यंत येणार, ते दिसायला लागतं. मोठं हवं असेल तर पुढे जायचं, जास्त हवं असेल तर मागे सरायचं.

एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतो, म्हणजे जवळजवळ तयार झालेला फोटोच बघतो. पार्श्वभूमी धूसर झालेली, विषय उठून आलेला. मोह होतो तो त्या धूसरपणाचा. रेंजफाइंडरमध्ये फोटो दिसत नाही, समोरचं जग दिसतं आणि त्यावर उजळ रेघांची एक चौकट दिसते. ती चौकट जगाला कापत नाही. तिच्या बाहेरही थोडं जग शिल्लक असतं. सायकलवरून येणारा मुलगा चौकटीत शिरायच्या आधीच मला दिसतो. तो डावीकडून आत येईपर्यंत मी श्वास धरून थांबू शकते. कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून डावा उघडा ठेवला, तर आणखी लांबचंही कळतं.

त्यातही मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते शटर दाबल्याच्या क्षणाचं. एसएलआरमध्ये त्याच क्षणी आरसा वर उचलला जातो आणि खिडकी काळी होते. जो क्षण फिल्मवर उतरला, नेमका तोच आपण पाहिलेला नसतो. रेंजफाइंडरमध्ये आरशाचं हे उचलणं नाही, त्यामुळे तो क्षण आपण डोळ्यांनी पाहतो. त्या व्यक्तीने तेव्हाच डोळे मिटले होते का, मान वळवली होती का, हे तिथल्या तिथे कळतं. रोल धुऊन यायला आठवडा लागू दे, काय मिळालं आहे ते मनात पक्कं असतं. आरसा आदळत नसल्यामुळे हातालाही धक्का बसत नाही. एक पंधरांश सेकंदाला, कोपर अंगाशी धरून, श्वास सोडता सोडता मी घरातल्या दिव्याच्या उजेडात फोटो काढते आणि ते चांगले येतात.

आवाजाचीही तीच गोष्ट. आत्याचे फोटो मी कॅनोनेटवर काढते. ती बोलत असते, मी ऐकत असते, कॅमेरा मांडीवर तयार असतो. एका दुपारी खिडकीशी बसून ती तिच्या लहानपणीच्या शिक्षकांबद्दल सांगत होती. उजेड एका बाजूने येत होता, मी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडलं होतं. आमच्यात जेमतेम एक मीटर. चाळीसच्या लेन्सला एफ १.७ वर एका मीटरला जे स्पष्ट येतं, ते पुढचं-मागचं धरून सहा सेंटिमीटरांच्या घरात. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतसुद्धा पुरत नाही. डोळ्यावर फोकस करायचा, पण डोळा हा पिवळ्या ठिपक्यासाठी अवघड विषय, तिथे दोन प्रतिमा जुळल्या की नाही ते चटकन ठरत नाही. ठिपक्याला उभी कड लागते. आत्याच्या चष्म्याची दांडी जिथे भिंगाच्या चौकटीला जोडलेली आहे, तिथे पितळेचा एक बारीक स्क्रू आहे. मी तो धरला. दोन स्क्रू दिसत होते, एक झाला. तेवढ्यात ती गोष्टीच्या भरात पुढे झुकली आणि पुन्हा दोन झाले. कडी फिरवत बसण्यापेक्षा मी स्वतःच इंचभर मागे झाले, स्क्रू पुन्हा एक झाला, बोट दाबलं.

“काढणार आहेस ना गं? का नुसतीच धरून बसलीस?” आत्याने विचारलं.

“काढला की.”

“आवाज तर आला नाही.”

पाकळ्यांच्या शटरचा आवाज तेवढाच असतो. त्या फोटोत तिचं तोंड शब्दाच्या मध्यावर अर्धं उघडं आहे आणि उजव्या डोळ्याच्या पापण्या एकेक मोजता येतात. डावा कान मात्र विरघळून गेला आहे. तिला तो फोटो आवडला नाही, तिला हसरे फोटो आवडतात. मला तिचा तोच सगळ्यांत जवळचा वाटतो.

इतकं काटेकोर काम कमी वेळा लागतं. रस्त्यावर, प्रवासात, लोकांच्या गर्दीत याच कॅमेऱ्याची दुसरी पद्धत कामाला येते, ती म्हणजे ठिपक्याकडे न बघण्याची. चारशे आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा), एफ ८, चाळीसची लेन्स. अंतर सात मीटरच्या जवळपास लावून ठेवलं की साडेतीन मीटरांपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ऊन कडक असेल आणि एफ १६ परवडत असेल, तर साडेतीन मीटरवर लावायचं, मग पावणेदोन मीटरच्या आसपासपासून पुढचं सगळं हाती. लेन्सवर कोरलेले आकडे हे सांगण्यासाठीच असतात, आजच्या बहुतेक लेन्सवर ते सापडत नाहीत. उघड्या उन्हात उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरशिवाय एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा, ते ठरवायचा जुना ठोकताळाही सोबत ठेवावा. एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे चारशेच्या फिल्मला एक पाचशेअंश सेकंदाच्या जवळ. सावलीत शिरलं की ॲपर्चर दोन-तीन पायऱ्या उघडायचं. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड आनंदाने पचवते, कमी उजेड मात्र सोसत नाही.

अशा रीतीने वापरताना एक बदल होतो. लोक किती लांब आहेत, हे आपण सतत मनात धरायला लागतो. टेबलापलीकडचा माणूस सव्वा मीटर. खोलीच्या दारातला तीन. रस्त्याच्या पलीकडे उभी असलेली बाई आठ. दीड मीटरवर कॅमेरा वर उचलला, तर समोरच्याला आपण त्याच्याशी काही बोलणार आहोत असं वाटतं. चार मीटरवर तो आपल्याकडे बघेल किंवा बघणारही नाही. आठ मीटरवर आपण त्याच्या जगातच नसतो. तिन्ही फोटो वेगळे, आणि त्या वेगळेपणात लेन्सचा वाटा फार थोडा. झूम वापरणाऱ्याला हा फरक कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला तो पायांनी मोजावा लागत नाही.

आता जुन्या यंत्राची दुखणी. ती असतातच, आणि ती ठाऊक असणं हा या छंदाचाच भाग आहे असं मला मनापासून वाटतं. पहिलं दुखणं बॅटरीचं. यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. पारा विषारी, म्हणून ते सेल बंद झाले. आजचा दीड व्होल्टचा सेल घातला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटरला उजेड आहे त्याहून जास्त भासतो आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल १.४ च्या जवळ असतात, ते चालतात, पण एकदा चिकटपट्टी काढली की काही आठवड्यांत संपतात. याशिका इलेक्ट्रोचं तर सगळं शटरच विजेवर. बॅटरी नसेल तर एक पाचशेअंश सेकंद, दुसरं काही नाही. त्याच्या आत रबराची एक छोटी गादी असते, ती वयाबरोबर झिजून भुगा होते आणि मग एक्स्पोजर भरकटतं. फिल्म पुढे नेताना आतून ‘खट्’ असा एक स्पष्ट आवाज आला, तर गादी शाबूत आहे असं समजावं. आवाज नसेल, तर कितीही चकचकीत दिसला तरी तो कॅमेरा दुरुस्तीला जाणार हे गृहीत धरूनच घ्यावा.

पाठीच्या दाराभोवतीचा काळा स्पंज बहुतेक वेळा चिकट काजळी झालेला असतो. तो काडीने आणि स्पिरिटने खरवडून काढायचा आणि तिथे लोकरीचा काळा धागा बसवायचा. एका संध्याकाळचं काम, आणि मला ते करायला आवडतं. झोर्की आणि फेदचा एक नियम मात्र कधी मोडू नये. शटरचा वेग बदलायचा तो फिल्म पुढे ओढल्यावरच, आधी नाही. नाहीतर आतल्या खिट्ट्या चुकीच्या जागी अडकून यंत्रणा बिघडू शकते. त्यांचं शटर कापडी असतं आणि पुढे आरसा नसतो, त्यामुळे लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर भिंगातून एकवटलेलं ऊन त्या कापडाला भोक पाडतं. किएव्हमध्ये अंतर मोजायची खिडकी पार कडेला, जिथे उजव्या हाताची बोटं आपसूक येतात तिथेच. म्हणून बोटं उचलून धरायची एक खास ढब आहे, ती अंगवळणी पडेपर्यंत ठिपका सारखा अंधारतो.

ठिपका फिका पडणं हे वयाचं लक्षण. अर्धपारदर्शक आरशावरचा मुलामा विरतो किंवा काचांवर धुरकट थर बसतो. वरचं झाकण काढून काचा पुसल्या तर बराच फरक पडतो, पण त्या मुलाम्याला बोट किंवा कापूस जोरात लागला की तो कायमचा जातो, म्हणून हात हलका हवा. झाकण उघडायचं धाडस नसेल, तर पुढच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा अगदी बारीक तुकडा चिकटवावा. त्याने मूळ दृश्य तेवढ्यापुरतं झाकलं जातं आणि दुसरी प्रतिमा त्या अंधारावर उठून दिसते. माझ्या जुन्या इलेक्ट्रोवर तो तुकडा कायम आहे.

काही गोष्टी या कॅमेऱ्यांना जमत नाहीत आणि त्यांच्याकडून मागूही नयेत. पाऊण-एक मीटरच्या आत ते जात नाहीत. फुलाचा पराग, मुंगी, अंगठीचा खडा, यांसाठी दुसरा कॅमेरा घ्यावा. जवळ गेल्यावर खिडकीला दिसणारं आणि लेन्सला दिसणारं यांत फरक पडतो. चांगल्या मॉडेल्समध्ये चौकट आपोआप सरकून तो भरून काढते, साध्यांमध्ये आपणच वर थोडी जागा सोडायची. आडव्या रेघा असलेल्या विषयावर दोन प्रतिमा जुळल्या की नाही कळत नाही, तेव्हा कॅमेरा क्षणभर उभा धरून बघावं. आणि लेन्सवर टोपी राहिली तरी खिडकी काहीच सांगत नाही. ती टोपी घरीच ठेवावी, पुढे एक साधा यूव्ही फिल्टर पुरतो. (कापडी शटरवाल्यांनी मात्र टोपी सोबत ठेवावी, कारण वर आलंच आहे.)

मला कोणी विचारलं, तर मी नाव न बघता अवस्था बघायला सांगते. शटर सगळ्या वेगांना उघडतं का, पाकळ्यांवर तेल आहे का, लेन्समध्ये बुरशीचे धागे आहेत का, लांबच्या मनोऱ्यावर दोन प्रतिमा जुळतात तेव्हा कडी अनंतावर थांबते का. एवढं नीट असेल तर त्यावर कोणतं नाव कोरलंय याने फारसं बिघडत नाही. तरी नावच हवं असेल तर ऑलिंपस ३५ आरसी किंवा कॅनोनेट क्यूएल १७ जी ३. दोघांचं शटर यांत्रिक आहे, बॅटरी नसली तरी हाताने सगळं लावता येतं. आरसी खिशात मावतो, कॅनोनेटला जास्त उजेड मिळतो. मी रोज कॅनोनेट नेते. पाऊस, धूळ, गर्दी, कुठेही तो काढायला मन कचरत नाही, आणि वाचलेले पैसे फिल्ममध्ये जातात, जी आता खरोखरच महाग झाली आहे.

पहिला रोल कृष्णधवल घ्यावा, चारशेचा. घाई करू नये. कॅमेरा वर उचलायच्या आधी समोरच्या माणसापर्यंतचं अंतर मनात ठरवावं, कडी न बघता बोटाने त्या आकड्यापर्यंत आणावी आणि मगच डोळा खिडकीला लावावा. ठिपक्यात दोन प्रतिमा किती सरकलेल्या आहेत ते बघावं, दुरुस्त करावं, मग फोटो. दर फ्रेमला हेच. रोल संपत आला की खिडकीत बघितल्यावर दुरुस्तीला फारसं काही उरत नाही.